संगणकाच्या पेटीतला वारा

कांद्याची चाळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. ज्यांच्या घरी कांदा पिकतो त्यांनी ती स्वतः बांधलीही असेल. चाळ जमिनीला टेकवून कोणी बांधत नाही. खाली हात-दीड हात मोकळी जागा ठेवतात, तळाला फटी ठेवतात, बाजूंना फटी ठेवतात. का बरे? तर हवा आत यावी, कांद्यातून फिरावी आणि आतली ऊब घेऊन बाहेर निघून जावी, म्हणून. एखाद्याने आळसाने चाळीखाली रिकामी पोती कोंबून ठेवली, की मधला कांदा घामेजतो आणि सडू लागतो. त्यात कांद्याचा दोष नसतो. वाऱ्याची वाट बुजलेली असते, इतकेच.

आता तुम्ही म्हणाल, विषय संगणकाचा आणि हा गृहस्थ कांद्याचे काय घेऊन बसला? पण शाळेशाळांतून, ग्रामपंचायतींतून, दाखले काढून देणाऱ्या केंद्रांतून टेबलावर किंवा टेबलाखाली जी संगणकाची पेटी असते, तिचे दुखणे पुष्कळदा ह्या चाळीसारखेच असते. ती उन्हाळ्यात बंद पडते, लोक म्हणतात यंत्र जळाले, आणि खोलीला कुलूप लागते.

गेल्या एप्रिल महिन्यात मराठवाड्यातल्या एका शाळेत जाण्याचा मला योग आला. चांगली शाळा, झाडेही बरीच लावलेली. पण संगणकाच्या खोलीला कुलूप. मुख्याध्यापकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "अहो, चार कॉम्प्युटर होते. तीन केव्हाच गेले. चौथा दहा मिनिटं चालतो आणि फट्‌दिशी बंद होतो. परवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसलो. बावीस मुलांचे भरायचे होते. नऊ झाले, दहावा अर्धा झाला, आणि गेला. आता मुदतीला दोन दिवस राहिलेत." तालुक्याच्या गावाहून दुरुस्तीवाला येऊन गेला होता. मदरबोर्ड गेला आहे, सात हजार रुपये पडतील, असे सांगून तो गेला. शाळेपाशी सात हजार नव्हते. तेरा मुलांच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न होता.

मी म्हटले, यंत्र बघू तरी या. कुलूप उघडले. त्या पेटीला आपल्याकडे सगळे 'सीपीयू' म्हणतात. खरे म्हणजे सीपीयू हे नाव पेटीच्या आत बसलेल्या एका लहानशा चिपचे, त्यालाच प्रोसेसर असेही म्हणतात. पण गावोगाव पेटीलाच ते नाव पडले आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी इथे 'पेटी' म्हणेन आणि चिपला 'प्रोसेसर' म्हणेन, म्हणजे घोटाळा नको. तर ती पेटी टेबलाच्या खालच्या कप्प्यात कोंबलेली होती. कप्प्याला पुढून लाकडी दार. मागची बाजू भिंतीला चिकटलेली. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, धूळ बसू नये म्हणून तिच्यावर शिवून घेतलेले जाड कापडी झाकण! यंत्र चालू असतानाही ते तसेच ठेवीत असत. मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले, "बघा, किती जपतो आम्ही." मला हसावे की रडावे कळेना. उन्हाळ्यात माणसाला गोधडीत गुंडाळून माडीवर निजवावे आणि म्हणावे की आम्ही त्याला किती जपतो, तशातला हा प्रकार.

आता हे यंत्र तापते तरी का, ते आधी पाहू. विजेचा दिवा लावला की थोडा उजेड पडतो आणि बाकीची उष्णता होते. संगणकात तर जवळजवळ सगळ्याच विजेची शेवटी उष्णता होते. हिशेब तो करतो, अक्षरे तो उमटवतो, पण वीज जाते ती सारी उबेच्या रूपाने. शाळेतली साधी पेटी कामात असताना ५० ते १०० वॅट वीज खाते असे धरा. म्हणजे पूर्वी घरोघर जो १०० वॅटचा पिवळा दिवा असे, तो एका पत्र्याच्या डब्यात कोंडून लावल्यासारखेच झाले. आणि ही उष्णता साऱ्या पेटीत पसरलेली नसते. तिच्यातला मोठा वाटा नखाएवढ्या प्रोसेसरमधून निघतो.

ही उष्णता बाहेर नेण्याचे काम हवा करते. किती हवा लागते, त्याचा हिशेब आठवी-नववीच्या मुलाला करता येईल असा आहे. गुरुजींनी फळ्यावर करून दाखवावा. एक किलो हवा एक अंशाने तापवायला सुमारे १,००० ज्यूल उष्णता लागते. १०० वॅट म्हणजे सेकंदाला १०० ज्यूल, मिनिटाला ६,०००. पेटीतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून अधिक तापू नये अशी आपली इच्छा. तर मिनिटाला ०.६ किलो हवा पेटीतून गेली पाहिजे. उन्हाळ्यातली एवढी हवा म्हणजे ५०० लिटरांहून थोडी जास्त. पंधरा लिटरांच्या घागरी धरल्या तर पस्तीस घागरी वारा, दर मिनिटाला, त्या लहानशा पेटीतून आत शिरून बाहेर पडायला हवा. आता कापडी झाकण घातलेल्या, दार लावलेल्या कप्प्यात पस्तीस घागरी वारा कोठून येणार?

वारा निम्मा झाला, की पेटीतली वाढ दुप्पट होते. १० ऐवजी २० अंश. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट ह्यावर आहे.

प्रोसेसर किती तापेल हे तीन पायऱ्यांच्या जिन्यासारखे आहे. पहिली पायरी खोलीची. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत ४० अंश सहज असतात. दुसरी पायरी पेटीतल्या हवेची; वाट मोकळी असेल तर आणखी १०, म्हणजे ५०. तिसरी पायरी प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पातळ पात्यांची आणि त्यावरच्या पंख्याची. त्या पात्यांना हीटसिंक म्हणतात. तो प्रोसेसरची उष्णता हवेच्या हवाली करतो, पण त्यासाठी प्रोसेसर हवेपेक्षा २५-३० अंश गरम असावाच लागतो. झाले सुमारे ८०. इथवर ठीक आहे. आजचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपासपर्यंत दम धरतात. आता पेटी कोंडा, दुसरी पायरी १० ऐवजी २५ अंशांची होते. पात्यांत धूळ भरा, तिसरी ४० ची होते. बेरीज करा: ४० अधिक २५ अधिक ४०. शंभराची हद्द ओलांडली. त्या हद्दीजवळ पोचताच प्रोसेसर आधी आपली चाल मंद करतो, आणि त्यानेही भागले नाही तर यंत्र स्वतःच बंद होते. ते मेले म्हणून नव्हे, मरू नये म्हणून. शाळेतला संगणक दहा मिनिटांनी 'फट्‌दिशी' जात होता तो असा. मदरबोर्ड गेलेला असता तर तो दहा मिनिटे नेमाने चालला नसता.

ह्यातली पहिली पायरी आपल्या हातात फारशी नाही. खोली ४० अंशांवर असताना पंखे किती का लावा, पेटीतली हवा ३५ वर येणार नाही. पंखा हवा हलवतो, गार करीत नाही. पण दुसरी आणि तिसरी पायरी पूर्णपणे आपल्या हातात आहे.

शाळेत आम्ही पेटी बाहेर काढली, ओट्यावर आणली. तार भिंतीतून काढली, बाजूचे पत्र्याचे झाकण उघडले. आत पाहिले तर हीटसिंकच्या पात्यांवर करड्या रंगाची घोंगडीच पसरली होती. पुढच्या जाळीत खडूची पांढरी भुकटी आणि झाडलोटीची धूळ मिळून लिंपण झालेले. शाळेतल्या संगणकाचा हा खास शत्रू बरं का, खडू! त्याची भुकटी इतकी बारीक असते की जाळीतून आत जाते आणि दमट दिवसांत पात्यांना चिकटून बसते. दुसरा शत्रू म्हणजे यंत्र चालू असताना खोलीत कोरडी केरसुणी मारणे. मुलांना चपला बाहेर काढायला लावतात आणि मग आत केरसुणीने धुरळा उडवतात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे.

पण खरी गंमत पुढेच होती. पेटीच्या मागच्या बाजूला एक लहान पंखा होता. पूर्वी कोणी तरी दुरुस्ती करताना काढून परत बसवलेला दिसत होता. तार जोडली, यंत्र चालू केले, आणि मी एका मुलाला उदबत्ती लावून आणायला सांगितली. ती पंख्यामागे चार बोटांवर धरली. धूर दूर ढकलला जायला हवा होता. तो सरळ आत ओढला गेला! पंखा उलटा बसवलेला होता.

ह्याचा अर्थ काय, तो नीट पाहा. ह्या जुन्या धर्तीच्या पेटीत वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, मागे वरच्या कोपऱ्यात असतो आणि तो आपला गरम वारा मागून बाहेर टाकतो. त्याच्या खाली वीतभर अंतरावर हा उलटा पंखा तोच गरम वारा पुन्हा आत ओढीत होता. पुढून गार हवा यायला जाळी बुजलेली. म्हणजे तोच तो वारा आत-बाहेर, आत-बाहेर. पंखा फिरतोय, आवाज येतोय, सगळ्यांना वाटतेय की गार होतेय. विहिरीतून मोट काढावी आणि ती पुन्हा विहिरीतच ओतावी, तसे.

म्हणून पंख्याची दिशा ओळखायला शिका. पंख्याच्या दोन बाजू असतात. एका बाजूने पाती उघडी दिसतात; त्या बाजूने हवा आत घेतली जाते. दुसऱ्या बाजूला मधल्या मोटारीला धरून ठेवणाऱ्या तीन-चार काड्या असतात आणि बहुधा तिकडेच कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या कडेवर बाणही कोरलेले असतात. संशय आला तर उदबत्ती आहेच. ती नको असेल तर पातळ कागदाची चिंधी पंख्यासमोर धरा. बाहेर फडफडली तर वारा बाहेर जातोय, जाळीला चिकटली तर आत येतोय.

वाटेचा नियम साधा आहे. गार हवा पुढून खालच्या अंगाने आत, गरम हवा मागून वरच्या अंगाने बाहेर, आणि मधल्या वाटेत तापणारे सगळे भाग. विदर्भातल्या पोराला हे वेगळे सांगावे लागत नाही. कूलर लावला आणि समोरची खिडकी बंद ठेवली, तर खोली गार न होता नुसती दमट होते, हे त्याला घरीच कळलेले असते. हवा आत यायची असेल तर आधी आतली बाहेर जायला हवी. पेटीतही आत येणे आणि बाहेर जाणे ही दोन्ही दारे एकमेकांपासून लांब हवीत. जवळ असली तर वारा जवळच्या वाटेने पळतो आणि कोपऱ्यातल्या गरम भागाकडे फिरकत नाही.

गरम हवा आपोआप वर जाते हे शाळेत शिकवतात आणि ते खरेही आहे. चुलीवरच्या धुराड्याचे काम त्यावरच चालते. पण पेटी जेमतेम दीड फूट उंच. एवढ्याशा उंचीत हा आपोआप वर जाणारा ओढा फार क्षीण असतो. लहानसा पंखाही त्याला सहज मागे टाकतो. तेव्हा वरून भोके पाडावीत, पेटी आडवी करावी असल्या युक्त्यांच्या नादी लागू नये. वाट पंख्यांनी ठरते.

ही वाटेची गोष्ट मोठमोठ्या इंजिनियरांनाही एका फटक्यात साधलेली नाही. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिअॅक ह्या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि ते सुमारे १५० किलोवॅट वीज खाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी बांधलेला टिफ्रॅक १९६० साली कामाला लागला. त्यातही सुमारे २,७०० नळ्या, आणि प्रत्येक नळी म्हणजे एक लहानशी शेगडीच. पुढे यंत्रे लहान झाली. १९८१ सालच्या आयबीएमच्या टेबलावरच्या संगणकाला ६३.५ वॅटचा पॉवर सप्लाय आणि त्यातला एकच पंखा पुरत असे. प्रोसेसरवर हीटसिंकही नव्हता. मग वेग वाढले, वीज वाढली, आणि पंखेही वाढत गेले. १९९५ साली इंटेल कंपनीने पेटीच्या आतल्या मांडणीचा एटीएक्स नावाचा नमुना ठरवला. त्यात पहिल्यांदा पॉवर सप्लायचा पंखा हवा आत फुंकील आणि तीच हवा प्रोसेसरवर जाईल अशी योजना होती. पण पॉवर सप्लायमधून तापून आलेल्या हवेने प्रोसेसर कसा गार व्हायचा? पुढे ती दिशा उलटी करून हवा बाहेर टाकण्याचा रिवाज पडला. २००४ च्या सुमारास त्याच कंपनीने बीटीएक्स नावाची नवी मांडणी आणली. तिच्यात पुढून आलेला वारा सरळ प्रोसेसरवरून मागे जाई. विचार चांगला होता, पण बाजाराने तो उचलला नाही, आणि तोवर थोड्या विजेवर चालणारे प्रोसेसर आले. २००६ साली कंपनीने ते काम थांबवले. आज आपल्या पेट्या त्या जुन्याच एटीएक्सच्या घराण्यातल्या आहेत, म्हणून वाट आपणच नीट राखावी लागते.

आता शाळेत काय केले ते सांगतो. पंख्याचे चार स्क्रू काढले, तो फिरवून लावला. एका पैशाचा खर्च नाही. मग साफसफाई. येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण सफाईत यंत्र बिघडवणारेही पुष्कळ असतात.

आधी तार भिंतीतून काढावी आणि मग चालू करायचे बटण एकदा दाबून सोडावे, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. अंगावर साठलेली स्थिर वीज त्यात उतरते, नाहीतर तिची एक बारीकशी ठिणगी चिपला पुरे. धूळ काढायला रंगाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश घ्यावा आणि दुसऱ्याने सायकलच्या पंपाने वारा मारावा. दुरुस्तीच्या दुकानातला हवेचा ब्लोअर मिळाला तर उत्तमच. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब जातात. टायरवाल्याकडच्या मोठ्या यंत्राची हवाही नको. तिचा जोर फार आणि तिच्यात पाणी, क्वचित तेलही असते. वारा मारताना पंख्याची पाती एका बोटाने धरून ठेवावीत. मुलांना पंखा भिरभिर फिरवण्याची मौज वाटते, पण तो प्रमाणाबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. घरातला कचरा ओढणारा व्हॅक्यूमही आत लावू नये, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. आणि हे सगळे खोलीत नव्हे, अंगणात करावे. नाहीतर एकाची धूळ दुसऱ्याच्या पेटीत.

पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. तार काढल्यावरही त्यात जिवाला धोका होईल इतकी वीज साठून राहू शकते. बाहेरून त्याच्या जाळीवरची धूळ झटकली की पुरे.

सफाईनंतर आतल्या तारा एकत्र करून दोऱ्याने बाजूला बांधल्या. तारांचे जंजाळ वाऱ्याच्या मध्येच आडवे पडलेले होते. एक तार तर पंख्याच्या पात्याला घासत होती. मागे विस्तार-पट्ट्यांच्या जागी दोन उघडी खिडे होती. तिथून जवळची हवा आत येऊन लगेच मागच्या पंख्याने बाहेर जाते, पुढच्या जाळीतून हवी तेवढी येत नाही. शिवाय पालीला आणि उंदराला वाट मिळते ती वेगळीच. ती खिडे आम्ही पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद केली. बाजूचे झाकण परत लावले.

"झाकण लावायचं?" मुख्याध्यापकांना नवल वाटले. "आम्ही तर झाकण काढून टेबलफॅन लावणार होतो."

पुष्कळजण असेच करतात, आणि लगेच फरकही पडतो, हे मी नाकारीत नाही. पण त्याकडे उपाय म्हणून न बघता परीक्षा म्हणून बघावे. झाकण काढताच यंत्र खूप गार झाले, तर समजा की बंद पेटीत वाऱ्याची वाट कुठे तरी अडलेली आहे, ती शोधा. झाकण काढूनही फरक पडला नाही, तर दोष हीटसिंकच्या जागी आहे. कायमचे उघडे ठेवले तर धूळ चौपट जाते, मुलांची बोटे जातात, आणि पुढून मागे जाणारा प्रवाह मोडतो.

मग पेटी कप्प्यातून कायमची बाहेर काढली. जमिनीवरही ठेवली नाही, कारण झाडलोटीची धूळ खालीच जास्त. एका बाकावर ठेवली, मागे भिंतीपासून वीतभर अंतर राखून. यूपीएसही उष्णता टाकतो, म्हणून तो पेटीच्या पुढच्या जाळीपासून दूर सरकवला.

किती फरक पडला ते नुसत्या हाताने समजत नाही, आकडा पाहावा. यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू अशी एखादी कळ दाबली, की बायॉस नावाचा पडदा येतो. त्यात बहुधा हार्डवेअर मॉनिटर असे एक पान असते आणि प्रोसेसरचे तापमान तेथे दिसते. कामाला हात घालण्यापूर्वी तेथे ९२ दिसत होते आणि चढत होते. सगळे झाल्यावर अर्ध्या तासाने ५८ वर स्थिरावले. खोली तीच, दुपार तीच. राहिलेले तेरा अर्ज त्याच संध्याकाळी भरून झाले. पुढे त्यांनी बंद पडलेल्या तीन यंत्रांवरही हाच प्रयोग केला. त्यांतले एक उठले. दोन खरोखरच गेलेली होती.

एवढे करूनही आकडा खाली येत नसेल तर प्रोसेसर आणि हीटसिंक ह्यांच्या मधला उष्णतावाहक लेप वाळला असावा. तो काही वर्षांनी सुकतो. हीटसिंक काढून जुना लेप पुसायचा, मटाराच्या दाण्याएवढा नवा मध्यभागी ठेवायचा आणि दाबून बसवायचे. लेप भरपूर थापला म्हणजे जास्त गार, असे नाही. तो केवळ बारीक खळगे भरण्यापुरता असतो. पहिल्यांदा हे जाणत्याकडूनच करून घ्यावे.

ज्यांच्या पेटीत मोठे ग्राफिक्स कार्ड आहे, उदाहरणार्थ लग्नाच्या चित्रफिती जोडणारे स्टुडिओवाले, त्यांचा हिशेब वेगळा. त्या एकट्या कार्डातून २०० वॅट किंवा त्याहूनही अधिक उष्णता निघते. त्यांनी पुढे दोन मोठे पंखे आत हवा घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, असे ठेवावे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली, की फटींतून हवा बाहेर पडते आणि धूळ फक्त पुढच्या जाळीवर अडकते. ती जाळी तेवढी धुतली की झाले. उलट बाहेर ओढणारे पंखेच जास्त असले तर पेटी प्रत्येक फटीतून धूळ पिते. पंखा घेताना लहान आणि जोरात फिरणारा घेण्यापेक्षा मोठा आणि सावकाश फिरणारा घ्या. तेवढीच हवा तो कमी आवाजात देतो. त्याच पेट्यांना हल्ली पुढून काचेचे अखंड दार असते. दिसते छान, पण हवा कोठून यायची ते विकत घेताना दुकानदाराला विचारावे.

गुरुजींसाठी एक प्रयोग. चपलांचे रिकामे खोके घ्या, वरचे झाकण काढून तेथे पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा. बंद पडलेल्या यंत्रातला १२ व्होल्टचा पंखा एका टोकाला भोक पाडून बसवा, हवा बाहेर जाईल असा. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर तो बहुधा फिरतो. आता दुसरे भोक पंख्याच्या अगदी शेजारी पाडा आणि त्याच्या बाहेर उदबत्ती धरा. ती खोक्याच्या आत मात्र नेऊ नका, पुठ्ठा पेटेल. धूर आत शिरून लगेच बाहेर जातो, लांबच्या कोपऱ्यात काहीच हालचाल नसते. मग ते भोक कागदाने बुजवून समोरच्या टोकाला खाली नवे भोक पाडा. धूर सगळ्या खोक्यातून नदीसारखा वाहताना मुलांना दिसेल. नंतर मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा करा, सुतळ्या अडकवा, मुलांनाच वाट अडवू द्या आणि मोकळी करू द्या. एका तासाचा पाठ आहे, आणि त्या तासानंतर कोणी मूल पेटीच्या जाळीपुढे दप्तर ठेवीत नाही.

त्या शाळेत आता महिन्यातून एकदा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, आठवीची दोन मुले जाळी झटकतात आणि बायॉसमधला आकडा वहीत लिहितात. आकडा पाच-सातने चढला की पेटी उघडायची. खोलीत केरसुणीऐवजी ओले फडके फिरते. आणि चार कापडी झाकणांपैकी दोन अजून कपाटात आहेत. बाकीच्या दोहोंची शाळेतल्या मामांनी फडकी केली.